जन्म भारतात झाला, मग बाळ भारतीयच ना?

बहुतेकांना तसंच वाटतं. भारताच्या भूमीवर जन्मलं की आपोआप भारताचं नागरिक, असा नियम आपल्याकडे खरोखर होता. पण तो ३० जून १९८७ ला संपला. त्यानंतर जन्मलेल्यांना आता स्वतःची पोरं झाली, तरी पारावरच्या चर्चेत आणि कधी कधी कचेरीच्या टेबलावरही जुनाच नियम चालतो.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. वाटणी, फेरफार, वारसदाखला ही आमची रोजची कामं. नागरिकत्वाची फाइल क्वचितच येते, प्रश्न मात्र येत राहतात. कुणाची मुलगी अमेरिकेत बाळंत होणार असते. कुणाच्या घरी भाड्यानं राहणाऱ्या गुरख्याच्या बायकोला दिवस गेलेले असतात. एखादा तिबेटी तरुण पासपोर्टचा अर्ज घेऊन येतो आणि 'राष्ट्रीयत्व' या रकान्यावर बोट ठेवून गप्प बसतो.

धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात परदेशी आईबाप कुठून आले, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. त्यांनी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात यावं. गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचं नाव नॉरग्येलिंग, पण आपण सगळे 'तिबेटी कॅम्प'च म्हणतो. हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकायला बसणारी मंडळी ती हीच. त्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. पुढे गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात तर एकामागून एक बंगाली गावं लागतात. घरामागे तळं, तळ्यात मासे आणि बांधीत आपल्यासारखाच धान. या घरांतली तिसरी-चौथी पिढी आता जन्माला येते आहे. ती बाळं कोणत्या देशाची, याचं उत्तर त्यांच्या जन्मतारखेत आणि आईबापाच्या कागदात आहे. पाळणा कुठं हलला यावर आता काही ठरत नाही.

आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात जन्मानं मिळणारं नागरिकत्व सांगितलं आहे आणि तिथं तारखांचे तीन कप्पे पडले आहेत. जो भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मला, तो भारतीय. त्याचे आईबाप कोण, कुठले, हे विचारायचंच नाही (परदेशी राजदूतावासातल्या अधिकाऱ्यांची मुलं वगैरे अपवाद सोडून द्या, ते आपल्या गावात नाहीत). १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या बाबतीत, जन्माच्या वेळी आई किंवा बाप यांपैकी एकजण तरी भारतीय असला पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून पुढे दोघंही भारतीय हवेत. किंवा एकजण भारतीय असेल तर दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' नको.

हे बदल आसाममुळे आले. बांगलादेशातून येणाऱ्यांविरुद्ध तिथं १९७९ पासून आंदोलन पेटलं, १९८५ च्या ऑगस्टमध्ये आसाम करार झाला आणि पाठोपाठ जन्मभूमीचा नियम आवळायला सुरुवात झाली. प्रश्न ब्रह्मपुत्रेच्या काठचा होता, पण कायदा देशभर लागू झाला, म्हणून त्याची गाठ आमच्याकडच्या इटियाडोह धरणाच्या काठावरही पडते.

आता 'बेकायदा स्थलांतरित' म्हणजे कोण? चोरवाटेनं सीमा ओलांडून आलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. कायद्याची व्याख्या त्याहून रुंद आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेला तर त्यात आहेच. पण रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही इथंच राहिलेलाही त्यातच येतो. समजा आपल्या गावची मुलगी नागपूरला नोकरीला असताना तिनं एका परदेशी विद्यार्थ्याशी लग्न केलं. बाळ जन्मलं त्या दिवशी नवऱ्याचा व्हिसा चालू असेल, तर बाळ भारतीय. व्हिसा महिनाभरापूर्वी संपून वाढवायचा राहिला असेल, तर आई पिढ्यान्‌पिढ्यांची भारतीय असूनही बाळाला जन्मानं नागरिकत्व नाही. बापानं कागदात केलेल्या हयगयीचा दंड पाळण्यातल्या जिवाला, हे मला पटत नाही. असो, कायदा आज असा आहे. अशा बाळाला वाट अगदीच बंद नाही. केंद्र सरकार विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंद करू शकतं, तशी तरतूद पाचव्या कलमात आहे. पण तो सरकारच्या मर्जीचा भाग झाला, हक्क नव्हे.

गुरख्याचं उदाहरण यापेक्षा सरळ आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस व्हिसा न घेता इथं येऊन राहू शकतो, म्हणून तो बेकायदा स्थलांतरित नाही. नवरा-बायको दोघंही नेपाळी असतील आणि बाळ आपल्या ग्रामीण रुग्णालयात झालं, तर ते भारतीय नाही. आईबापाच्या नात्यानं नेपाळचं. त्यांनी जन्मदाखला जपून ठेवावा आणि नेपाळात नोंद करून घ्यावी. पण त्याच गुरख्यानं आपल्याकडच्या मुलीशी लग्न केलं असेल तर बाळ भारतीय, कारण एक पालक नागरिक आहे आणि दुसरा कायद्यानं इथं आहे.

तिबेटी कॅम्पातला हिशेब मात्र कागदावर मांडूनच करावा लागतो. समजा एक आजोबा १९६० च्या सुमारास तिबेटातून आले. ते परदेशी, नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात, ते वेळोवेळी नवं करून घेतात. त्यांची मुलगी १९७८ मध्ये कॅम्पातच जन्मली. ती भारतीय, कारण तिची तारीख पहिल्या कप्प्यातली. तिचा मुलगा २००१ चा. त्याची आई नागरिक, म्हणजे तोही नागरिक. त्याला मागच्या वर्षी मुलगी झाली. बाप नागरिक, आई कॅम्पातलीच, नोंदणीकृत तिबेटी, म्हणजे बेकायदा नव्हे. मुलगी भारतीय. आता शेजारच्या घरी चला. तिथलं जोडपं तिबेटातून आलंच १९९० मध्ये. त्यांचा मुलगाही २००१ चाच, त्याच कॅम्पातला, त्याच शाळेतला, मराठी बोलणारा. तो परदेशी. दोघं पोरं एका बाकावर बसली, एका मैदानावर खेळली, आणि एकाच्या हातात मतदान ओळखपत्र तर दुसऱ्याच्या हातात परदेशी नागरिकाचं नोंदणी पुस्तक.

पहिल्या घरातल्या आईला तरी तिचा हक्क सहज मिळाला असं समजू नका. १९८७ च्या आधी जन्मलेल्या तिबेटींनाही वर्षानुवर्षं परदेशी म्हणूनच नोंदवलं जात होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की त्या काळात इथं जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मतःच भारतीय आहे. एखाद्या अर्जात तिनं स्वतःला तिबेटी म्हटलं म्हणून नागरिकत्व जात नाही. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना पासपोर्ट नाकारता येणार नाही असा निकाल दिला. तरीही कॅम्पातली सगळी पात्र माणसं अर्ज करतात असं नाही. 'आम्ही निर्वासित आहोत, आम्हाला परत जायचं आहे', ही भावना जुन्या माणसांत अजून आहे, आणि तिथं वकिलानं फार शहाणपणा करू नये.

बंगाली वसाहतींचं वेगळं आहे. तिथली मंडळी फाळणीनंतर, विशेषतः १९६४ च्या दंगलींनंतरच्या लोंढ्यात आली. सरकारनंच त्यांना इथं आणून जमिनी दिल्या. त्यांची जी मुलं इथं १९८७ च्या आधी जन्मली ती भारतीयच, त्यात वाद नाही. आणि पुढची पिढी त्या मुलांच्या नात्यानं भारतीय. अडतं ते स्वतः लहानपणी सीमेपलीकडून आईच्या कडेवर आलेल्यांचं. त्यांचा जन्म इथला नाही, आईबापाचे पुनर्वसनाचे कागद पुरात, आगीत नाही तर वाळवीत गेलेले. त्यांना नोंदणीनं नागरिकत्व घ्यावं लागतं. २०१९ ची दुरुस्ती, जिला सगळे सीएए म्हणतात, ती अशांनाही लागू होऊ शकते: पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती. मुसलमान त्यात नाहीत, म्हणूनच त्यावर देशभर वाद पेटला. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले आणि अर्ज ऑनलाइन करायचे आहेत.

इथं एक गल्लत नेहमी होते. नागरिक झाला म्हणजे जातीचा दाखलाही मिळेल, असं बंगाली घरांतली पोरं समजतात. यातली बरीच कुटुंबं नमशूद्र. पश्चिम बंगालच्या यादीत ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणून चामोर्शीत जन्मलेला, बारावीत चांगले गुण घेतलेला मुलगा पक्का भारतीय असूनही प्रवेशाच्या वेळी खुल्या रांगेत उभा राहतो. ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे, पण ती नागरिकत्वाच्या खिडकीवर सुटणारी नाही.

आता उलट्या दिशेनं बघू. आपली पोरं बाहेर गेली, त्यांना तिकडं बाळं झाली. एक काकाजी मुलाकडून आलेला फोटो मोबाइलवर दाखवत म्हणाले, "वकील साहेब, नातू अमेरिकेचा झाला म्हणते पोरगा. मंग आपला नाई का तो?" मी म्हटलं, काकाजी, नातू तुमचाच. नागरिकत्वाचं मात्र बसून बोलू.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ ची चौदावी दुरुस्ती आहे: तिथं जन्मलेला आणि तिथल्या कायद्याच्या अधीन असलेला माणूस तिथला नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापाच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना देशात परत घ्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ लावला. म्हणून एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या जोडप्याचं बाळही आजवर अमेरिकन नागरिक म्हणूनच जन्मत आलं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, याला छेद देणारा आदेश काढला: आई तिथं बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक वा ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायम राहण्याची परवानगी असलेला, नसेल, तर बाळाला नागरिकत्व मानायचं नाही. आपल्याकडची बहुतेक घरं याच 'तात्पुरत्या व्हिसा'त मोडतात, म्हणून त्या दिवसांत गावात फोन खणखणले. खालच्या न्यायालयांनी आदेश लगोलग रोखला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर लागू होणाऱ्या मनाईहुकमांना आवर घातला, तेव्हा नव्या सामूहिक दाव्यातून आदेश पुन्हा अडवला गेला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मूळ प्रश्नच सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीला घेतला. ज्यांच्या घरी तिकडं बाळंतपण आहे, त्यांनी वॉट्सॲपवर आलेल्या बातमीवर न जाता त्या वेळची कायद्याची स्थिती तिथल्या वकिलाला विचारावी.

एक भ्रम मात्र आजच काढून टाका. बाळ अमेरिकन झालं म्हणजे आईबापाला ग्रीन कार्ड मिळालं, असं होत नाही. मूल २१ वर्षांचं झाल्यावरच आईबापासाठी अर्ज करू शकतं. तोवर आईबापाचा व्हिसा त्यांच्या नोकरीवरच उभा.

आणि सगळा परदेश म्हणजे अमेरिका नव्हे. कॅनडात जन्मानं नागरिकत्व मिळतं. ब्रिटनमध्ये १९८३ पासून आई किंवा बाप ब्रिटिश अथवा तिथं कायमचा स्थायिक असावा लागतो. जर्मनीत परदेशी आईबापापैकी एकजण किमान पाच वर्षं कायदेशीर राहत असला आणि त्याला कायम वास्तव्याचा हक्क असला तरच. ही अट आधी आठ वर्षांची होती, २०२४ च्या जूनमध्ये ती पाचवर आली. आखाती देशांत तर प्रश्नच नाही, तिथं जन्मलेलं आपलं बाळ तिथलं नागरिक होत नाही. दुबईत बाळ झालं की १२० दिवसांत त्याचा राहण्याचा व्हिसा काढावा लागतो, आणि तो काढायला आधी भारतीय पासपोर्ट हवा.

म्हणजे इथं येतं आपल्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम. परदेशात जन्मलेलं मूल वंशानं भारतीय होऊ शकतं. १९९२ पर्यंत त्यासाठी बाप भारतीय असावा लागे, त्या वर्षीच्या १० डिसेंबरपासून आईच्या नात्यानंही चालतं. ३ डिसेंबर २००४ नंतर मात्र आपोआप काही होत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत बाळाची नोंद करायची आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. अमेरिकेत जन्मलेल्या बाळापुरता विलंब फारसा बोचत नाही, त्याच्याकडे एक देश आहे. आखातात किंवा युरोपात, जिथं जन्मानं काही मिळत नाही, तिथं हे वर्ष हातचं घालवलं तर बाळ काही काळ कुणाचंच राहत नाही. आईच्या बाळंतपणात आणि बापाच्या शिफ्टमध्ये ही नोंद राहून जाते. गावाकडून आजीनं डिंकाचे लाडू पाठवताना याचीही आठवण द्यावी.

अमेरिकेतल्या बाळाच्या बाबतीत कायदा थोडा मजेशीर आहे. पासपोर्ट काढला नसेल तर तिथलं नागरिकत्व असूनही त्याची भारतीय म्हणून नोंद होऊ शकते. १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्यानं दुसरं नागरिकत्व सोडायचं, नाहीतर भारतीयत्व जातं. पण अमेरिका आपल्या नागरिकाला तिथला पासपोर्ट घेऊनच देशाबाहेर पडायला आणि परत यायला सांगते. म्हणून व्यवहारात सगळे काय करतात, तर बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि त्यावर ओसीआय कार्ड घेतात.

ओसीआय म्हणजे 'भारताचा परदेशस्थ नागरिक', असं भारदस्त नाव असलं तरी ते नागरिकत्व नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा समजा. कधीही या, कितीही राहा, शिका, बहुतेक खासगी नोकऱ्या करा. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

यावर काकाजी सरसावून बसले. "मंग वावर?"

वावराचं असं आहे. परदेशात स्थायिक माणसाच्या स्थावर मिळकतीवर विदेशी चलन कायद्याचे नियम लागतात. त्यांनुसार ओसीआय नातवाला शेती विकत घेता येत नाही आणि तुम्हाला ती बक्षीसपत्रानंही देता येत नाही. वारसाहक्कानं मात्र मिळू शकते. म्हणजे आजोबांच्या पश्चात वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव चढायला त्याचं अमेरिकन असणं आड येत नाही. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या माणसालाच विकता येईल. त्यातही १९५८ चा विदर्भाचा कूळ आणि शेतजमीन कायदा आहेच, तो म्हणतो घेणारा शेतकरी हवा. अनेकांना ठाऊक नसतं ते हे की खरेदीची आणि बक्षीसपत्राची मनाई, नागरिक भारताचा पण राहायला परदेशात, अशा मुलालाही लागते. मुलानं नुसता पासपोर्ट भारतीय ठेवला म्हणून त्याच्या नावे तीन एकर बक्षीस करता येईल, असं नाही. घर, प्लॉट, फ्लॅट यांना ही बंदी नाही. काकाजींनी बक्षीसपत्राचा विचार सोडला आणि मृत्युपत्राच्या खर्चाची चौकशी सुरू केली.

राहिला जन्मदाखला. त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

जन्मदाखला म्हणजे धान खरेदी केंद्रावरची काटापट्टी आहे. माल कधी आला, किती भरला, हे ती पक्कं सांगते. तो कुणाच्या बांधीत पिकला, हे तिच्यावरून ठरत नाही. दाखला सांगतो, बाळ अमुक तारखेला, अमुक गावी, अमुक आईच्या पोटी जन्मलं. नागरिकत्व त्यातून आपोआप निघत नाही, कारण त्यासाठी आईबापाचं नागरिकत्व लागतं. तरीही पहिला कागद तोच, कारण जन्मतारखेचा कप्पा त्यावरूनच ठरतो. म्हणून परदेशी आईबापाच्या बाळाचीही जन्मनोंद करायचीच असते आणि ती कुणी नाकारू शकत नाही. कायदा जन्म नोंदवायला सांगतो, नागरिकत्व तपासायला नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळा, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो.

आधार कार्डाचं विचाराल तर आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलं आहे की ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्यानं कुणी नागरिक ठरत नाही. मग आपल्यासारख्यांचं काय, असा प्रश्न पडेल. १९८७ नंतर जन्मलेल्याला स्वतःचं नागरिकत्व दाखवायचं तर आईबापापर्यंत मागं जावं लागतं, आणि तिथं आपल्या भागात जुने कागद कामी येतात: शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, बापाचा जुना सातबारा, आणि कोतवाल बुकाची नक्कल. मध्य प्रांताच्या काळापासून कोतवाल गावातल्या जन्ममृत्यूची नोंद ठेवत आला. आज तेच जीर्ण पान जातपडताळणीला लागतं, जन्मतारखेलाही लागतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून ती नक्कल एकदा काढून ठेवा. कागद ठिसूळ होत चालला आहे, आणि अक्षर वाचणारा कारकूनही दरवेळी भेटतोच असं नाही.

आता स्थलांतराचा सर्वांत मोठा लोंढा, ज्याचा पासपोर्टशी काही संबंध नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतून आणि आपल्या बाजूनंही धानाची कापणी आटोपली की बायामाणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. सोबत नवव्या महिन्यातल्या बायाही असतात. बाळ तिकडंच होतं. हे बाळ भारतीय आहे, त्याच्या नागरिकत्वाला कुणी हात लावत नाही, पण दाखल्याअभावी हाल त्याचेच सर्वांत जास्त होतात.

नियम असा की जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, तुम्ही राहता तिथं नाही. खम्मम जिल्ह्यात झालेल्या बाळाची नोंद आपल्या ग्रामपंचायतीत होत नाही, ग्रामसेवकाशी कितीही ओळख असली तरी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची. वावरातल्या खोपटात झालं असेल तर घरच्यांची. मुदत २१ दिवस. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची परवानगी, शुल्क आणि स्वतः सही करून साक्षांकित केलेला कागद लागतो, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. महाराष्ट्रात २०२५ पासून उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. बोगस दाखल्यांना आळा घालायला ती केली, हे मान्य; पण तिचा काच बसतो तो वावरात बाळंत झालेल्या बाईला.

ठेकेदाराची गाडी निघायच्या आधी तिकडच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि नोंदणी क्रमांक हातात घ्या, बाकी दाखला नंतर मिळवता येतो. बारशाआधी नाव ठरलं नसेल तर नाव रिकामं ठेवूनही नोंद होते. वर्षभरात ते फुकट भरता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आईबापाची नावं मात्र आधार कार्ड समोर धरून अक्षर अक्षर लिहून घ्या. तेलुगू कानांनी ऐकलेलं 'मेश्राम' इंग्रजीत काय होऊन येईल सांगता येत नाही, आणि पाच वर्षांनी इथल्या शाळेत ते दुरुस्त करायचं म्हटलं तर पुन्हा खम्ममची गाडी धरावी लागते.